कलाभवनाचे संस्थापक श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

स्मरणिकेच्या या पानांवर थोर पुरुषांच्या चरित्राचे स्मरण करण्याचा प्रघात आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. त्यांची ग्रंथालये, त्यांचे सक्तीचे शिक्षण, विद्वानांना त्यांनी दिलेला आश्रय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा आम्ही त्यांच्या कार्याचे एक निराळे अंग मुद्दाम निवडले आहे. ते अंग म्हणजे धंदेशिक्षण. ज्या घरांत दहावी-बारावीची मुले आहेत, त्या घरांत या विषयाचा विचार अधिक निकडीचा आहे, असे आम्हांस वाटते.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. घराणे गायकवाडांचेच, परंतु राजवैभवापासून दूर पडलेली शाखा. वडील काशीराव शेतीवर निर्वाह करीत. गोपाळ हे मुलाचे मूळ नाव. १८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि त्याच वर्षी २७ मे रोजी महाराणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तोवर त्यास अक्षरओळखही धड झालेली नव्हती. पुढील सहा वर्षे इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन झाले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. बाराव्या वर्षी ज्याने धुळाक्षरे गिरवली, त्यास विद्येचे मोल निराळे सांगावे लागत नाही. आणि शेतकऱ्याच्या अंगणात ज्याचे बालपण गेले, त्यास कष्टाच्या कामाची लाज वाटण्याचे कारण नसते.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. परंतु पदवी म्हणजे कचेरीतील नोकरीचा परवाना, अशीच बहुतेकांची समजूत होती. १८५४ साली पुण्यात निघालेल्या इंजिनिअरिंगच्या वर्गाचा हेतूही सरकारच्या बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी पुरवणे एवढाच होता. इकडे आमच्या कारागिरांच्या पायांखालची वाळू सरकत होती. १८५६ साली इंग्लंडात पहिला कृत्रिम रंग तयार झाला. पुढे १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेचा तांबडा रंगही रसायनशाळेत सिद्ध होऊ लागला. पिढ्यान् पिढ्या झाडपाल्यांतून आणि मुळ्यांतून रंग काढणाऱ्या रंगाऱ्याच्या हातात कसब होते, परंतु या नव्या विद्येशी झुंज देण्यास लागणारे रसायनशास्त्र नव्हते. ज्यांस शास्त्र ठाऊक ते हात मळवीत नव्हते, आणि ज्यांचे हात मळत होते त्यांस शास्त्र शिकवणारा कोणी नव्हता. देशी उद्योगांच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण या फारकतीत होते.

ही फारकत मिटवण्यासाठी महाराजांनी जून १८९० मध्ये बडोद्यास कलाभवनाची स्थापना केली. या कामी त्यांना त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे योग्य साहाय्यक लाभले. गज्जरांचा जन्मही १८६३ सालचाच. ते सुरतेच्या सुतार कुळातले, मुंबईस रसायनशास्त्र शिकून बडोदे कॉलेजात प्राध्यापक झालेले. सुताराच्या घरचे कसब आणि विद्यापीठाचे शास्त्र एकाच पुरुषाच्या ठायी एकत्र आले होते. महाराजांनी तो गुण ओळखला आणि संस्थेचे प्रमुखपद त्यांच्या हाती दिले. कापड रंगवणे व छापणे, यंत्रशास्त्र, बांधकाम, चित्रकला, विणकाम असे विषय कलाभवनात क्रमाक्रमाने शिकवले जाऊ लागले. यांतील विशेष हा की, शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह होता. इंग्रजी येत नाही एवढ्याच कारणाने कारागिराचा मुलगा विद्येस मुकू नये, ही त्यामागील दृष्टी. त्यासाठी संस्थानाच्या साहाय्याने शास्त्रीय ग्रंथांची माला तयार करवण्यात आली.

सर्वच प्रयत्नांस यश आले असे नाही. संस्थानाने गणदेवी येथे काढलेला साखरेचा कारखाना चालू शकला नाही. परंतु महाराज त्यामुळे खचले नाहीत. १९०२ साली अहमदाबादेच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करताना त्यांनी उद्योगाच्या प्रश्नाची सविस्तर चिकित्सा केली. १९०८ साली त्यांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. कसबास शास्त्र आणि उद्योगास भांडवल, अशी दोन्ही चाके त्यांनी रथास जोडली.

फळ मिळावयास वेळ लागला, पण ते मिळाले. नाशिककडचे धुंडिराज गोविंद फाळके कलाभवनात शिकले आणि १९१३ साली त्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांपुढे ठेवला. गज्जरांच्या शिष्यांनी १९०७ साली स्थापलेला अलेंबिकचा रासायनिक उद्योग बडोद्यात नावारूपास आला. महाराजांनी पायाही विसरला नव्हता. १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ साली साऱ्या संस्थानास लागू झाले. आणि त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. विद्येस जातीची कुंपणे नसावीत, हा धडा ज्ञातिसंस्था चालवणाऱ्या आम्ही तरी नित्य डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांनी इहलोक सोडला. १९४९ साली त्यांच्या नावाने बडोद्यास विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखेचे घर बनले.

आता आम्ही आपल्या घराकडे वळतो. आमच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत नोकरीचा रकाना आधी पाहिला जातो, आणि आयटीआय झालेल्या, स्वतःचे वर्कशॉप चालवणाऱ्या मुलाचे पान उलटले जाते. स्पर्धापरीक्षेच्या आशेवर मुले उमेदीची वर्षे घालवतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होणे मात्र कमीपणाचे मानले जाते. वस्तुतः आयटीआयनंतर तंत्रनिकेतनाच्या आणि तेथून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळण्याची सोय आहे. ही वाट पुढे बंद होत नाही, हे पालकांनी जाणून घ्यावे.

म्हणून आमची कार्यकारिणीस विनंती आहे की, गुणगौरव समारंभात पदवीधरांच्या शेजारी धंदेशिक्षण पुरे केलेल्या मुला-मुलींनाही मानाचे स्थान द्यावे, आणि शिष्यवृत्तीच्या निधीतील वाटा त्यांच्या हत्यारांसाठी व पुस्तकांसाठी राखून ठेवावा. महाराजांच्या तसबिरीस आपण दरवर्षी हार घालतो. त्यांच्या कलाभवनात ज्या हातांना मान होता, त्या हातांना आपल्या मंडपातही मान मिळावा, एवढीच प्रार्थना.