मधमाश्यांचे पाळक : रेव्हरंड लँगस्ट्रॉथ

राधानगरी व भुदरगडच्या डोंगरांत सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या बंधूंस पावसाळ्यांतील एक दुःख ठाऊक असतें. पेटी उघडावी, तों पोळ्यांत पांढऱ्या जाळ्यांचे बोगदे, तळावर काळ्या कणांसारखी विष्ठा व मेणाचा भुगा. माश्या मात्र निघून गेलेल्या. हें मेणकिड्याचें काम. या शत्रूशीं कसें वागावें हें ज्यांनीं शिकविलें, ते एक पाळकच होते. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांचा जन्म अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं २५ डिसेंबर १८१० रोजीं, म्हणजे नाताळच्याच दिवशीं झाला. १८३६ सालीं ते अँडोव्हर येथील मंडळीचे पाळक झाले. परंतु त्यांस मनाचा एक कठीण विकार होता. महिनेच्या महिने अंधार दाटे; उपदेश तर राहोच, मित्रांशीं बोलणेंही नकोसें होई. मंडळीचें काम त्यांस दोनदां सोडावें लागलें. बरें वाटे तेव्हां ते आपल्या माश्यांजवळ जात.

त्या काळीं पोळीं पेटीच्या भिंतींस चिकटलेलीं असत. कापल्यावांचून आंत पाहतां येत नसे. १८५१ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, सुमारें ३/८ इंच वाट मोकळी ठेविली तर माश्या ती बुजवीत नाहींत. त्या मापानें त्यांनीं उचलतां येणाऱ्या चौकटींची पेटी केली. १८५२ सालीं तिचें पेटंट मिळालें. त्याच सालीं रेव्हरंड वाइल्डर आमच्या कोल्हापुरांत मिशनकार्यास आले. पुढें पुष्कळांनीं ती पेटी न विचारतां बनविली, आणि लँगस्ट्रॉथ यांच्या हातीं फारसें कांहीं आलें नाहीं. हें वाचतांना आम्हांस अजूनही वाईट वाटतें.

मेणकिडा शिरणारच नाहीं, असें सांगून तेव्हां व्यापारी पेट्या विकीत. लँगस्ट्रॉथ यांचा अशा पेट्यांवर विश्वास नव्हता. बळकट वसाहत आपलें रक्षण आपणच करिते, कीड माजते ती राणी हरवलेल्या अथवा माश्या घटलेल्या वसाहतींत, असें त्यांनीं १८५३ च्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. म्हणून चौकटी उचलून वेळेवर पाहाव्या. आमच्या इकडे पावसांत पेटीचा तळ आठवड्यास झाडावा, फटी बुजवाव्या, दार लहान करावें, माश्यांना झांकतां येत नाहींत तीं पोळीं काढावीं, राणी नसलेली वसाहत दुसरीस जोडावी. काढलेलें पोळें झाडाखालीं टाकूं नये, वितळवून मेण करावें. नाहींतर त्यांतूनच नवे पतंग निघतात. सातेरी तर लवकर घर सोडिते, तिच्या बाबतींत उशीर करून चालत नाहीं.

१८७० त त्यांचा पुत्र व १८७३ त पत्नी वारली. विकार वृद्धपणींही येत-जात राहिला. ६ ऑक्टोबर १८९५, रविवारीं, ओहायो प्रांतांतील डेटन येथें मंडळीपुढें उपदेश आरंभिला असतांच ते प्रभूंत झोंपीं गेले. त्यांचें वय ८४ वर्षांचें होतें.