वादळाची वर्दी देणारे दर्यावर्दी : ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय

कोकणच्या बंदरात धोक्याचा बावटा लागला की निघालेला नाखवा होडी पुन्हा किनाऱ्याला लावतो. तीन नंबरचा बावटा म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. खवळणाऱ्या समुद्राची खबर समुद्र खवळण्याआधी माणसाला मिळावी, ही आज आपल्याला अगदी साधी गोष्ट वाटते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. वादळ ही दैवाची करणी आहे आणि ती आधी कळणे अशक्य आहे, असेच लोक समजत. हा समज मोडण्यासाठी ज्यांनी आपली विद्या, आपली संपत्ती आणि अखेर आपले आयुष्यही खर्ची घातले, त्या ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांचे चरित्र म्हणूनच स्मरणीय आहे.

रॉबर्ट फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात झाला. घराणे मोठे होते. वडील लष्करात जनरल, आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन हे एके काळी इंग्लंडचे पंतप्रधान. बालपणीच मातृछत्र हरपले. ऐषारामात वाढावे अशी परिस्थिती असूनही वयाच्या बाराव्या वर्षी, १८१८ साली, ते पोर्ट्‌स्मथ येथील शाही नौदल विद्यालयात दाखल झाले. गणित आणि नौकानयन या विषयांत त्यांची बुद्धी विलक्षण चाले. १८२४ साली लेफ्टनंटपदाच्या परीक्षेत त्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळविले. असे यश तोवर कोणालाही मिळाले नव्हते.

१८२८ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी किनाऱ्याची मोजणी करीत असलेल्या ‘बीगल’ या लहानशा जहाजाचे कप्तान प्रिंगल स्टोक्स यांनी एकांतवास आणि नैराश्य असह्य होऊन आपले जीवन संपविले. त्यांच्या जागी फिट्झरॉय यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते. पुढच्याच वर्षी जानेवारी महिन्यात उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ ‘पाम्पेरो’ नावाच्या वादळी वाऱ्याने जहाजाला गाठले. वायुभारमापकातील पारा आधीच उतरला होता. परंतु त्या इशाऱ्याकडे द्यावे तेवढे लक्ष दिले गेले नाही. जहाज उलटता उलटता वाचले, मात्र दोन खलाशी समुद्रात गेले. पाऱ्याची खूण वेळीच ओळखली असती तर ते वाचले असते, ही जाणीव या तरुण कप्तानाच्या मनातून कधीच पुसली गेली नाही. पुढील आयुष्याचे बीज याच घटनेत पेरले गेले.

याच सफरीत टिएरा डेल फुएगो येथील आदिवासींनी जहाजाची एक होडी पळविली. ती परत मिळावी म्हणून फिट्झरॉय यांनी काही जणांना ओलीस धरले आणि अखेर चौघांना इंग्लंडला नेले. त्यांना शिकवून परत पाठवावे, असा त्यांचा हेतू होता. आजच्या दृष्टीने पाहता परक्या भूमीतील माणसांना असे उचलून नेणे समर्थनीय ठरत नाही. चौघांपैकी एकाचा देवीच्या रोगाने अंतही झाला. परंतु उरलेल्या तिघांचा सांभाळ करण्याची आणि त्यांना मायदेशी पोहोचविण्याची जबाबदारी फिट्झरॉय यांनी टाळली नाही. सरकार नवी मोहीम काढीत नाही असे दिसताच त्यांनी स्वखर्चाने जहाज ठरविले. पुढे नौदलाने ‘बीगल’ पुन्हा त्यांच्या हाती दिले आणि १८३३ साली ते तिघे आपल्या भूमीवर उतरले.

ही दुसरी सफर जगाच्या इतिहासात अमर झाली. स्टोक्स यांचा शेवट फिट्झरॉय विसरले नव्हते. त्यांच्या आईचे सावत्र बंधू, मुत्सद्दी लॉर्ड कॅसलरे यांनीही १८२२ साली असाच आपल्या जीवनाचा अंत केला होता. वर्षानुवर्षांच्या सागरी एकांतात आपलेही मन खचेल, अशी भीती त्यांना वाटे. म्हणून बरोबरीने बोलता-चालता येईल असा एखादा सुशिक्षित सोबती त्यांना हवा होता. या शोधातूनच बावीस वर्षांचे चार्ल्स डार्विन ‘बीगल’वर आले. २७ डिसेंबर १८३१ रोजी निघालेले जहाज जवळजवळ पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतले. बावीस अचूक घड्याळांच्या साहाय्याने पृथ्वीभोवती रेखांशांची साखळी मोजली गेली, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे तयार झाले आणि त्या नकाशांच्या आधाराने पुढे कित्येक दशके जहाजे निर्धोक चालली. मोजणीचे काम नीट व्हावे म्हणून फिट्झरॉय यांनी पदरच्या पैशाने आणखी एक गलबत विकत घेतले. नौदल खात्याने तो खर्च नाकारला, तेव्हा तोटा सोसून ते विकावे लागले. त्या वेळी त्यांना मोठा मनस्ताप झाला. परंतु मोजणी मात्र त्यांनी पूर्ण केली.

परत आल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा मेरी ओब्रायन यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन कन्या आणि एक पुत्र अशी चार अपत्ये झाली. १८३७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला. १८४१ साली डरॅममधून ते संसदेवर निवडून आले. व्यापारी जहाजांवरील कप्तान आणि अधिकारी यांना परीक्षा देऊन पात्रतेचा दाखला घेणे बंधनकारक असावे, असे विधेयक त्यांनी मांडले. अडाणी हातांत सुकाणू गेल्यामुळे किती माणसे बुडतात, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. मात्र १८५० साली याच तत्त्वावर कायदा झाला.

१८४३ साली न्यूझीलंडचे गव्हर्नर म्हणून ते पत्नी व मुलांसह तेथे पोहोचले. तिजोरी रिकामी होती आणि वातावरण तापलेले होते. त्याच वर्षी वायराऊ येथे जमिनीच्या वादातून इंग्रज वसाहतवाले व माओरी यांच्यात चकमक होऊन बावीस इंग्रज मारले गेले होते. सूड घ्यावा, असा वसाहतवाल्यांचा आग्रह होता. फिट्झरॉय यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि वसाहतवाल्यांचीच आगळीक असल्याचा निर्णय दिला. जमिनीची मालकी ठरण्यापूर्वीच मोजणी सुरू करणे हा अन्याय होता, असे त्यांचे मत होते. आपल्याच लोकांविरुद्ध न्याय देणाऱ्याला जी किंमत मोजावी लागते, ती त्यांनाही मोजावी लागली. कारभार चालविण्यासाठी त्यांनी काढलेल्या कागदी हुंड्यांवरूनही टीका झाली. १८४५ साली त्यांना परत बोलाविण्यात आले.

त्यानंतरचा काळ कौटुंबिक दुःखाचा होता. १८५० साली प्रकृतीमुळे त्यांनी नौदलातील प्रत्यक्ष सेवा सोडली. १८५२ साली पत्नी मेरी यांचे निधन झाले. चार वर्षांनी थोरली कन्याही गेली. १८५४ साली मारिया स्मिथ यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि विस्कटलेला संसार पुन्हा उभा राहिला. घरची संपत्ती एव्हाना आटत चालली होती. तरीही कामाचा उत्साह कमी झाला नाही.

१८५४ सालीच ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळाने हवामानविषयक एक लहान खाते उघडले आणि ते फिट्झरॉय यांच्या हाती सोपविले. हाताखाली मोजकेच कर्मचारी होते. जहाजांकडून आलेल्या नोंदी गोळा करून कोष्टके तयार करावीत, एवढीच सरकारची अपेक्षा होती. परंतु केवळ आकडे जमवून बुडणारी माणसे वाचत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी मजबूत, वाचायला सोपे असे वायुभारमापक तयार करविले, ते गरीब कोळ्यांच्या बंदरांवर बसविले आणि पारा चढला-उतरला तर काय समजावे, याचे नियम सोप्या भाषेत लिहून दिले.

२५ व २६ ऑक्टोबर १८५९ च्या वादळाने त्यांच्या कार्याला निर्णायक वळण दिले. ऑस्ट्रेलियातून सोने आणि प्रवासी घेऊन परतणारे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, अगदी घर दिसू लागले असताना, खडकांवर आपटून फुटले. सुमारे साडेचारशे माणसे मरण पावली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक जहाजे नष्ट झाली. फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून दाखविले की हे वादळ अचानक उद्भवलेले नव्हते, ते एका दिशेने सरकत आले होते. वाऱ्यापेक्षा तारायंत्राचा संदेश वेगवान असतो. म्हणून वादळाची खबर वादळाच्या पुढे धाडता येईल, हा साधा पण युगप्रवर्तक विचार त्यांनी मांडला.

त्याप्रमाणे किनाऱ्यावरील पंधरा ठिकाणांहून रोज तारेने नोंदी लंडनला येऊ लागल्या. फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना वादळाच्या सूचना जाऊ लागल्या. काठीवर कापडी शंकू चढविला जाई. त्याचे टोक वर असले तर उत्तरेकडील वारा, खाली असले तर दक्षिणेकडील वारा असे समजावयाचे. अधिक धोका असेल तर दंडगोल आणि रात्री कंदील. निरक्षर खलाशालाही दुरून कळावी अशी ही खूण होती. १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘टाइम्स’ या दैनिकात हवामानाचा पहिला सार्वजनिक अंदाज प्रसिद्ध झाला. हे भविष्यकथन नव्हे, ज्योतिषही नव्हे, तर निरीक्षणांवरून बांधलेला तर्क आहे, हे स्पष्ट व्हावे म्हणून त्यांनी इंग्रजीतील ‘फोरकास्ट’ हा शब्द या अर्थाने रूढ केला.

अंदाज काही वेळा चुकत. एवढ्या थोड्या ठाण्यांच्या आधाराने ते चुकणे स्वाभाविक होते. परंतु वृत्तपत्रांनी थट्टा आरंभली. पुरेशा सिद्धांताशिवाय अंदाज देणे शास्त्राला धरून नाही, असे काही विद्वान म्हणू लागले. होड्या बंदरात अडकल्या की मालकांचा दिवस बुडे, म्हणून त्यांतील काहींचा रोष होता. संसदेत तारांच्या खर्चाची विचारणा झाली. ज्यांचे जीव वाचत होते त्या खलाशांना व कोळ्यांना मात्र या सूचनांचे मोल कळले होते. पण त्यांचा आवाज लंडनपर्यंत पोहोचत नव्हता. दुसरीकडे, डार्विन यांच्या उत्क्रांतिवादामुळे या श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थाच्या मनाला यातना होत होत्या. त्या विचाराच्या उगमाशी आपलीच सफर आहे, हे शल्य त्यांना बोचत राही.

अतिश्रम, ढासळलेली प्रकृती, कर्ज आणि टीका यांच्या भाराखाली ज्या नैराश्याची त्यांना तरुणपणापासून धास्ती होती, त्याने अखेर त्यांना गाठले. ३० एप्रिल १८६५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षात, लंडनजवळील अप्पर नॉरवुड येथे त्यांनी आपल्या जीवनाचा अंत केला. तो दोष मानण्यापेक्षा तो एक आजार होता, असे समजणेच न्यायाचे ठरेल. त्या काळी अशा आजारावर ना औषध होते, ना समजून घेणारे कोणी.

मृत्यूनंतर उघड झाले की या उमरावपुत्राने आपली सारी संपत्ती सार्वजनिक कामात घालविली होती आणि कुटुंबासाठी मागे केवळ कर्ज राहिले होते. मित्रांनी निधी उभारला. मतभेद विसरून डार्विन यांनी त्यात शंभर पौंड दिले. राणी व्हिक्टोरिया यांनी पत्नी व मुलींना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहण्यास जागा दिली. पुत्र रॉबर्ट यांनी पित्याच्याच वाटेने जाऊन नौदलात व्हाइस ॲडमिरलपद मिळविले.

१८६६ च्या अखेरीस एका समितीच्या शिफारशीवरून वादळाच्या सूचना बंद करण्यात आल्या. तेव्हा मात्र बंदराबंदरांतून तक्रारी उठल्या आणि पुढच्याच वर्षी त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. जनतेसाठीचे अंदाजही १८७९ पासून पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. आपल्या देशात १८६४ च्या भीषण चक्रीवादळानंतर, १८६५ साली, कलकत्ता बंदरासाठी सूचनांची व्यवस्था झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. आपल्या बंदरांवरील शंकू, दंडगोल व दिवे हे त्याच परंपरेतले आहेत.

२००२ साली ब्रिटनच्या सागरी हवामानवृत्तातील ‘फिनिस्टेर’ या विभागाला ‘फिट्झरॉय’ हे नाव देण्यात आले. दर्यावर्दींच्या कानी ते नाव रोज पडते. हयातीत ज्यांच्या अंदाजांची थट्टा झाली, त्यांना याहून उचित स्मारक लाभले नसते. वाचलेल्या माणसांची मोजदाद कुठल्याही वहीत होत नाही. जो खलाशी त्या दिवशी समुद्रात गेलाच नाही आणि संध्याकाळी आपल्या मुलाबाळांत जेवायला बसला, त्याला आपण कोणामुळे वाचलो हेही ठाऊक नसते. अशा अनाम माणसांसाठी झिजणे हीच खरी लोकसेवा होय.