'त्सारा', संकट आणि साकडे : पंडिता रमाबाईंच्या भाषांतरकार्याच्या निमित्ताने

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्या चरित्राची चर्चा मराठीत प्रामुख्याने धर्मांतर आणि स्त्रीसुधारणा या दोन अंगांनी झाली. आयुष्याची अखेरची दीड दशकांहून अधिक वर्षे त्यांनी ज्या कामाला वाहिली, ते समग्र बायबलचे मूळ भाषांवरून केलेले मराठी भाषांतर मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांकडून बहुतांशी उपेक्षित राहिले. या कामाचे स्वरूप एका शब्दाच्या आधारे पाहता येते.

हिब्रू बायबलात विपत्तीसाठी येणारा 'त्सारा' हा शब्द 'त्सार' म्हणजे अरुंद या विशेषणाशी निगडित आहे. बलामाच्या गाढवीला उजवीडावीकडे वळता येऊ नये अशी जी चिंचोळी वाट लागते, तिचे वर्णन याच विशेषणाने केलेले आहे. यिर्मयाच्या ग्रंथात पहिलटकरणीच्या वेणांना 'त्सारा' म्हटले आहे. स्तोत्रांत सुटकेची प्रतिमा येते ती ऐसपैस, मोकळ्या जागेची. विपत्ती म्हणजे कोंडी आणि मुक्ती म्हणजे विस्तार, असा हा अर्थव्यूह आहे. 'दुःख' किंवा 'क्लेश' हे प्रतिशब्द वापरल्यास भावना पोचते, पण जागेचे भान नाहीसे होते.

रमाबाईंचे पूर्वायुष्य हीच एक अरुंद वाट होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्याचा आग्रह धरला, त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे रमाबाईंचा जन्म झाला. पुढे पुराणकथनावर गुजराण करीत हे कुटुंब तीर्थाटन करीत राहिले. १८७४ मध्ये दुष्काळाच्या हालअपेष्टांत वडील आणि पाठोपाठ आई निवर्तली. नंतर थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास वारले, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य आले. पुण्यातील आर्य महिला समाज, इंग्लंडमधील १८८३ चे धर्मांतर, अमेरिकेतील व्याख्याने, १८८९ मधील शारदासदन हा पुढचा क्रम सुपरिचित आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन या आश्रितांमुळे वाढले. आधीची मराठी भाषांतरे संस्कृतप्रचुर असल्याने या स्त्रियांना ती समजत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत भाषांतर आरंभले. छापखाना केडगावातच होता, आणि खिळे जुळवण्याचे कामही तेथील स्त्रियाच करीत.

ज्या पंडितेचे बालपण संस्कृत पुराणे मुखोद्गत करण्यात गेले, तिने संस्कृतचा भार उतरवायचा, हा पेच सामान्य नव्हता. मात्र 'त्सारा'च्या बाबतीत या दोन टोकांमधले अंतर मिटते. संस्कृत 'संकट' या शब्दाचा मूळ अर्थ अरुंद, दाटलेले असाच आहे. विपत्ती हा अर्थ त्यातूनच आला. त्याचेच रूप 'सांकडे'. सांकडी वाट म्हणजे चिंचोळी वाट, आणि देवाला साकडे घालणे म्हणजे त्या कोंडीतून काढलेली हाक. हिब्रू स्तोत्रकार नेमके हेच करतो. मराठी बायबलात 'संकट' हा शब्द रूढ झाला, ही निवड म्हणूनच निव्वळ सोयीची वाटत नाही. दोन परस्परांशी नाते नसलेल्या भाषांनी विपत्तीला एकच आकार दिल्याचे हे उदाहरण आहे.

पण सर्वत्र हे जमत नाही. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात हन्नेला तिची सवत डिवचते, तेव्हा त्या सवतीसाठीही 'त्सारा' हाच शब्द येतो. व्युत्पत्तीने तो वेगळा असून अरबीतील सवतवाचक शब्दाशी त्याचे नाते आहे. तरीही ध्वनिसाम्य इतके पूर्ण की प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तेथे सवतीऐवजी संकटच वाचले. मराठी भाषांतरकाराला 'सवत' हा जिवंत शब्द आयता मिळतो, मात्र संकट आणि सवत यांना एकाच नावाने ऐकणारा हिब्रू श्रोत्याचा कान त्याला मराठीत आणता येत नाही. स्त्रीजीवनाच्या कोंडीवर १८८७ मध्ये इंग्रजीतून ग्रंथ लिहिणाऱ्या रमाबाईंच्या भाषांतराचा अभ्यास करताना हे स्थळ विशेष लक्षपूर्वक वाचले पाहिजे.

जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्याच्या थोडे आधी भाषांतर हातावेगळे झाले होते. भाविक चरित्रकारांनी या अखेरच्या दिवसांभोवती चमत्काराचे वलय उभे केले आहे. एवढ्या दीर्घ श्रमांना त्याची गरज नाही. समग्र ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.