गोवा महाराष्ट्रात आला नाही, कारण डॉ. जॅक सिक्वेरा आडवे आले होते

मुंबईवरून गोव्याला निघालं की बांद्याच्या पुढं राज्याची हद्द लागते. ही हद्द आज तिथं आहे, त्यामागं १९६७ साली झालेलं एक मतदान आहे. आणि ते मतदान व्हावं म्हणून दिल्लीपर्यंत धडका मारणारा माणूस म्हणजे डॉ. जॅक सिक्वेरा. गोव्यात त्यांना जनमत कौलाचे जनक म्हणतात. महाराष्ट्रात मात्र त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं.

तर विषय सुरू होतो १९६१ पासून.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा, की शेजारच्या राज्यात घालायचा?

नुकताच संयुक्त महाराष्ट्राचा लढा जिंकलेल्या महाराष्ट्राला वाटत होतं, गोवा आपलाच. गोव्यातही हे मत मोठं होतं. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, विलीनीकरणाच्या मुद्द्यावरच उभा होता. पोर्तुगीज काळात भाटकारांच्या जमिनीवर राबलेला बहुजन समाज त्यांच्या मागं होता. मराठी शाळा, कुळांना जमिनीचा हक्क आणि महाराष्ट्राचा आधार, असं ते गणित होतं.

दुसऱ्या बाजूला कॅथलिक समाज होता. लोकसंख्येत साधारण एक तृतीयांश. एवढ्याशा गोव्यात या आकड्याला वजन होतं, पण कोट्यवधींच्या महाराष्ट्रात तो दिसेनासा झाला असता. कोकणीला मराठीची बोली ठरवलं जाईल, सरकारी नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, गोवा एक जिल्हा होऊन पडेल, अशी भीती होती. त्या काळी महाराष्ट्रात दारूबंदी होती, त्यामुळं माडाची सूर काढणारे रेंदेर सुद्धा धास्तावले होते.

ही भीती मांडायला १९६३ मध्ये चार छोटे पक्ष एकत्र आले आणि युनायटेड गोवन्स, म्हणजे युगो पक्ष तयार झाला. त्याचे नेते होते सिक्वेरा.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. सभागृह ३० जणांचं. मगोनं सत्ता मिळवली, युगोला १२ जागा मिळाल्या आणि देशभर राज्य करणाऱ्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले, सिक्वेरा पहिले विरोधी पक्षनेते.

सिक्वेरांची अडचण साधी होती. सभागृहात बहुमत मगोचं होतं. १९६५ मध्ये विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव मंजूरही केला. दिल्लीनं तो मानला असता तर विषय तिथंच संपला असता.

इथं सिक्वेरांनी डाव टाकला. आमदार सरकार चालवण्यासाठी निवडले जातात, प्रदेशाचं अस्तित्व मिटवण्यासाठी नाही, हा त्यांचा मुद्दा. निर्णय घ्यायचा तर थेट लोकांना विचारा, अशी मागणी घेऊन ते आमदारांसह दिल्लीला गेले. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर, म्हणजे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील, तेही दिल्लीत याच बाजूनं वजन वापरत होते. शेवटी १९६६ मध्ये संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला.

सिक्वेरांचं सगळंच ऐकलं गेलं असं नाही. पोटासाठी मुंबईला आणि परदेशात गेलेल्या गोंयकारांनाही मत द्या, ही मागणी फेटाळली गेली. पण बांदोडकर खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही, ही तक्रार चालली. डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांनी राजीनामा दिला.

मग प्रचार पेटला. विलीनीकरणासाठी महाराष्ट्रातून आचार्य अत्र्यांसारखी मंडळी जोर लावत होती. समोरून उलटी बाजू मांडणारं मुख्य दैनिक होतं राष्ट्रमत, आणि ते चक्क मराठी होतं. त्यातलं उदय भेंब्रे यांचं ब्रह्मास्त्र हे सदर गाजलं. मनोहरराय सरदेसाई यांच्यासारखे कवी आणि उल्हास बुयांव यांच्यासारखे गायक गावोगाव फिरले. हे सगळे हिंदू होते. नुसत्या कॅथलिक मतांवर हा सामना जिंकता येणार नव्हता, आणि हिंदू मतं वळवण्यात या मंडळींचा वाटा मोठा होता.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. जवळपास ८२ टक्के लोकांनी मत दिलं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी गोवा वेगळा राहिला.

आता कुणालाही वाटेल, पुढची निवडणूक युगोनं मारली असेल. तसं झालं नाही. दोनच महिन्यांनी लोकांनी पुन्हा मगोला सत्ता दिली आणि युगो १२ वरच राहिला. गोवा वेगळा हवा होता, पण राज्य करायला बांदोडकरच हवे होते. युगोवर भाटकारांचा पक्ष हा जो शिक्का बसला होता, तो काही पुसला गेला नाही.

त्यात ज्या प्रश्नासाठी पक्ष जन्मला तो प्रश्नच सुटला होता. १९७२ मध्ये जागा १० वर आल्या. पुढं काही नेते काँग्रेसमध्ये गेले, सिक्वेरा १९७७ मध्ये जनता पक्षात गेले आणि युगो संपला. सिक्वेरा कधीच सत्तेत बसले नाहीत.

पण १९८७ मध्ये कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि ३० मे १९८७ ला गोवा देशाचं २५ वं राज्य बनलं. हे बघून दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, सिक्वेरा गेले.

गोव्यात आता १६ जानेवारी अस्मिताय दीस म्हणून पाळतात. पर्वरीत विधानसभेसमोर बांदोडकरांचा पुतळा आहे. शेजारी सिक्वेरांचाही हवा, ही मागणी निघते आणि दर वेळी जुना वाद पुन्हा तापतो. काहींसाठी ते गोवा वाचवणारे, काहींसाठी भाटकारांचे पुढारी. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावी लागते. सभागृहात हरलेला माणूस प्रश्न घेऊन लोकांकडे गेला, आणि लोकांनी जे सांगितलं ते जिंकलेल्यांनीही मानलं.