पटकी-प्लेगचे वैरी डॉ. हाफकिन

वारीत पूर्वी पटकी शिरली म्हणजे सकाळी दिंडीत नाचणारा धडधाकट माळकरी सांजेपर्यंत हाती लागत नसे. लोक म्हणत, देवीचा कोप झाला. पण माउलींनो, ही व्याधी पाण्याची. रोग्याच्या जुलाबातले जंतू नदीविहिरीत मिसळतात. ते पाणी पोटात गेले की उलट्याजुलाब होऊन अंगातले पाणी नि क्षार वाहून जातात, आणि माणूस सुकून मरतो. या रोगाशी झुंजलेल्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र वारकऱ्यांनी अवश्य जाणावे असे आहे.

सन १८६० मध्ये, त्या वेळी रशियात असलेल्या ओदेसा शहरी, एका यहुदी घरात त्यांचा जन्म झाला. यहुदी म्हणून तिकडे मोठ्या जागांची दारे त्यांना बंद होती. ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले आणि तेथे त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. ती घातक की तारक, हे कळावे कसे? १८९२ च्या जुलैत त्यांनी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला नि उतरला. मग १८९३ साली ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांतून गोरगरिबांना लस टोचीत हिंडले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उसळला. उंदरांच्या अंगावरील पिसवा चावून हा रोग माणसाला होतो. काखेत, जांघेत गाठी येतात नि ताप चढतो. हाफकिन मुंबईस धावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले बंदी आपखुशीने पुढे आले. लाखो लोकांनी पुढे ही लस घेतली.

एवढ्यात घात झाला. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाकीच्या बाटल्या निर्दोष होत्या, तरी ठपका हाफकिनांवर आला नि अधिकार गेला. पाच वर्षे त्यांनी हा कलंक सोसला. १९०७ साली ते निर्दोष ठरले, पण मुंबईची जागा काही परत मिळाली नाही. तरीही ते हिंदुस्थानात परतले आणि कलकत्त्यास कामाला लागले. उतारवयात ते आपल्या धर्माच्या आचारात निष्ठेने राहिले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी देह ठेवला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे.

त्यांची पटकीची सुई आता मागे पडली, तोंडाने घ्यायची लस आली. पण पथ्य तेच आहे. वाटेत पाणी उकळून किंवा औषध टाकून प्यावे. नदीकाठी शौचास बसू नये. जेवणाआधी साबणाने हात धुवावे. जुलाब लागल्यास लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजीत राहावे आणि दवाखाना गाठावा. अंगारा जरूर लावा, पण त्यापायी उशीर करू नका.

परक्या मुलखातला एक माणूस आपल्या लोकांसाठी स्वतःच्या देहावर जोखीम घेतो, वर खोटा आळ सोसतो, आणि पुन्हा सेवेला लागतो. भूतदया ती हीच. चंद्रभागेचे तीर्थ निर्मळ राखणे हे आपल्या हाती आहे. तेवढे जरी केले तरी त्यांचे ऋण थोडे फिटेल.

रामकृष्णहरी.