औंधचे चित्रकार राजे

आम्ही निलंग्याचे रहिवासी नीलकंठेश्वराच्या देवळांत नेहमी जातों. देवापुढें हात जोडतों आणि भिंतींवरील कोरीव मूर्तींकडे न पाहतां परततों. औंधचा डोंगर पाहून आल्यापासून या गोष्टीची आम्हांस लाज वाटूं लागली आहे. ज्यांच्यामुळें ती वाटली, त्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचें अल्प चरित्र येथें देत आहों.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब यांचा जन्म १८६८ सालीं झाला व १९०९ सालीं ते औंध संस्थानच्या गादीवर बसले. संस्थान अवघ्या ७२ खेड्यांचें. तींही विखुरलेलीं, आणि औंध-आटपाडीकडील मुलूख कमी पावसाचा. अशा कोरड्या भूमींत खजिना तो कितीसा असणार? परंतु बाळासाहेबांस चित्रकलेचा मोठा नाद होता. दुसऱ्यांचीं चित्रें विकत घेऊनच त्यांनीं समाधान मानलें नाहीं. स्वतः कुंचला हातीं धरून त्यांनीं रामायणांतील प्रसंग रंगविले व ते १९१६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. अजिंठा व वेरूळ येथील लेणीं त्या काळीं, आमच्या निलंग्याप्रमाणेंच, निजामाच्या राज्यांत होतीं; त्यांवरही त्यांनीं इंग्रजींत पुस्तकें लिहिलीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें योजिलें, तेव्हां एक लाख रुपयांचें साह्य देण्याचें वचन त्यांनींच दिलें. सूर्यनमस्कारांचा नेम ते स्वतः पाळीत व प्रजेसही त्याची गोडी लावीत.

१९३८ सालीं त्यांनीं श्रीभवानी संग्रहालय उभारलें. तें राजवाड्यांत नव्हे, तर कुलस्वामिनी यमाईच्या डोंगराच्या उतारावर, देवळास जाणाऱ्या वाटेवर. त्यामुळें नवस फेडावयास आलेला शेतकरीही रविवर्म्याची सैरंध्री पाहूं शकतो. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचें माता व बालक हें शिल्पही त्याच छताखालीं आहे. वर देवीचें मंदिर, खालीं कलेचें. दोहोंची वाट एकच.

या राजानें कलावस्तूंप्रमाणें सत्ताही लोकांस दिली. १९३९ सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें नवी राज्यघटना करून त्यांनीं कारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें व १९५१ सालीं बाळासाहेब निवर्तले. गादी गेली, परंतु सर्वांसाठीं बांधलेलें संग्रहालय राहिलें.

तसें संग्रहालय बांधणें आम्हांस साधणार नाहीं. परंतु पूर्वजांनीं आमच्या गांवीं दगडांत जें कोरून ठेविलें आहे, त्यावर रंग फांसूं नये, आणि देवदर्शन झाल्यावर घटकाभर थांबून तें पाहावें, एवढें तरी आमच्या हातीं आहे.