गणितात ५९ गुण, तरी बॅरिस्टर!

मुलांनो, मोहनदास गांधी राजकोटला शिकत होते. एक वर्ग गाळून वर चढले आणि इंग्रजी चौथीत भूमिती आली. काही केल्या समजेना! खालच्या वर्गात परत जावं असं वाटे. पण वर चढवणाऱ्या गुरुजींना खाली बघावं लागेल, म्हणून नेट धरला. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापाशी एकदम उलगडलं. इथं घोकंपट्टी नको, डोकं चालवायला हवं!

१८८७ साली ते मॅट्रिक झाले. गणितात १७५ पैकी ५९ गुण. भावनगरच्या कॉलेजातही अभ्यास झेपेना. १८८८ साली ते कायदा शिकायला विलायतेला गेले. लंडनच्या मॅट्रिकला लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा बसून पास झाले. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले.

गुण कमी पडले तर रडू नये. पुन्हा पाटी घ्यावी.